सगळ्यांचे बाबा पहाटे पाचला उठतात

गेली एकोणीस वर्षं मी नववी-दहावीला मराठी शिकवते. या काळात ‘माझा आदर्श’ या विषयावरचे किती निबंध तपासले याची मोजदाद नाही, पण एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते. माझ्या विद्यार्थ्यांचे बाबा पहाटे पाच वाजता उठतात. सगळ्यांचे. उठून व्यायाम करतात, थंड पाण्यानं आंघोळ करतात, कधीही रागावत नाहीत आणि झोपण्यापूर्वी चांगली पुस्तकं वाचतात. यातले निम्मे बाबा माझ्या ओळखीचे आहेत. कुणी साखर कारखान्यात, कुणाचं मोबाइलचं दुकान, कुणी बँकेत. खरोखर पाचला उठणारा त्यांत एकच, तो डेअरीला दूध घालतो. त्याच्या मुलानं आदर्श म्हणून अब्दुल कलाम घेतले होते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हा निबंध गाइडात छापलेला असतो, क्लासला लिहून दिलेला असतो, आणि आम्ही त्याला आठपैकी सात देत आलेलो आहोत.

गेल्या वर्षी सहामाहीला मात्र एका मुलीनं पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘माझी आई माझा आदर्श होती.’ मी सवयीनं ‘होती’खाली लाल रेघ मारली, आणि मग दचकले. आई गेली की काय हिची? पुढं वाचलं तेव्हा कळलं की आई ठणठणीत आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला शोधताना कपाटातली जुनी फाइल निघाली, आणि फाइलमधून आईची दहावीची गुणपत्रिका. गणितात दीडशेपैकी एकेचाळीस. (तेव्हा बीजगणित आणि भूमिती मिळून दीडशेचं गणित असायचं.) घरात तोवर चालत आलेली गोष्ट अशी, की आईला गणितात कधी कुणी मागं टाकलं नव्हतं. मुलीनं लिहिलं होतं: ‘नापास झाली याचं मला काही वाटलं नाही. मला सत्तर पडले तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्याचं वाटलं.’

वयात येणाऱ्या मुलांना आईवडिलांकडून काय हवं असतं, यावर मी आजवर ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा या दोन वाक्यांत जास्त आहे.

हा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक म्हणतो, आजकालच्या मुलांना आईबापांविषयी आदरच उरलेला नाही. मग त्यावर उपाय निघतात. १४ फेब्रुवारीला काही शाळांत मातृ-पितृ पूजन होतं. आईवडील पाटावर, मुलं ताम्हणात त्यांचे पाय धुतात, कोपऱ्यात कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत असतं आणि निम्म्या आया डोळे पुसतात. दुसरा सूर व्याख्यात्यांचा. त्यांच्या मते पालकांनीच आदर्श बनलं पाहिजे: मुलांसमोर वाचा, हळू बोला, भांडू नका, मोबाइल दूर ठेवा. पहिला मुलांना वाकायला सांगतो, दुसरा पालकांना उंच व्हायला सांगतो. दोघांनी एक धरून चाललेलं असतं, की मुलाला घरात पूजेसाठी मूर्ती हवी आहे.

माझा अनुभव वेगळा आहे. पाच वर्षांच्या पोराला आई सर्वज्ञ वाटते, वाटू दे. चौदा-पंधराव्या वर्षी मूर्ती नकोशी होते, कारण त्या वयात मूल दुसऱ्याच उद्योगाला लागलेलं असतं. घरात जे नियम म्हणून सांगितलं जातं ते खरंच नियम आहे, की मोठ्यांचा नुसता हुकूम, हे ते तपासत असतं. नियम असेल तर तो सांगणाऱ्यालाही लागू असतो. हुकूम फक्त ऐकणाऱ्याला लागू असतो. मुलांच्या तोंडी सध्या ‘डबल स्टँडर्ड’ हा शब्द फार असतो, आणि आपण तो उद्धटपणा म्हणून उडवून लावतो. मला वाटतं, तो त्यांचा सगळ्यांत प्रामाणिक शब्द आहे.

१९७० साली ब्रायन आणि वॉलबेक या अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळात मिळालेल्या बक्षिसातलं थोडं इतरांसाठी द्यायचं की नाही, असा प्रसंग मुलांपुढं होता. त्याआधी त्यांनी कुणाला तरी देताना किंवा न देताना पाहिलं होतं, आणि दान चांगलं की आपलं आपल्याला ठेवावं यावरचं त्याचं बोलणं ऐकलं होतं. मुलांच्या देण्या-न देण्यावर परिणाम झाला तो पाहिलेल्या कृतीचा. ऐकलेल्या बोलण्याचा परिणामही झाला, पण तो मुलांच्या बोलण्यावर. म्हणजे उपदेशातून मुलं उपदेश करायला शिकतात. पहाटे पाचला उठणाऱ्या बाबांचे निबंध कुठून येतात, हे मला त्यातून उमगलं.

मोबाइलचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे म्हणून ते टाळणार होते, पण आमच्या कराडपासून फार लांब नसलेल्या एका गावामुळं ते टाळता येत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मोबाइल मुलांच्या हातात गेला तो सुटेना, ही तक्रार तिथंही होतीच. ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. त्याच्या बातम्या देशभर झाल्या. बहुतेक बातम्यांत भर होता तो मुलं अभ्यासाला बसतात यावर. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. भोंगा वाजल्यावर मालिकाही बंद. पारावरच्या बाप्यांचे व्हिडिओही बंद. तो नियम ‘मुलांनी’ या शब्दानं सुरू होत नव्हता.

ग्रामपंचायतीनं लोकांच्या घरात किती शिरावं हा प्रश्न आहेच, आणि भोंगा वाजवून माणसं वळणावर आणण्याची कल्पना मला फारशी रुचत नाही. शहरात असा ठराव आला असता तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घटनेची कलमं निघाली असती. पण आपल्या घरात रात्री साडेआठला काय चित्र असतं? बाप क्रिकेट बघत मुलाला म्हणतो, फोन ठेव. माझ्या घरी शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना बघायला म्हणून मी फोन उघडते आणि चाळीस मिनिटांनी अनोळखी बाईची कैरीच्या लोणच्याची रेसिपी बघत असते. माझा दहावीतला मुलगा एकदा म्हणाला, “तुझं असलं की काम, माझं असलं की टाइमपास.” त्याला उत्तर म्हणून मी आवाज चढवला. आवाज चढवावा लागला याचा अर्थ उत्तर नव्हतं.

बरं, त्या फोनवरचं इन्स्टाग्रामचं खातं कुणी उघडून दिलं? तेरा वर्षांखाली खातं काढता येत नाही. सहावीतल्या मुलीचं जन्मसाल दोन-तीन वर्षं मागं सरकवायला शेजारी आईच बसलेली असते. आमच्या आधीच्या पिढीत शाळेतल्या गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावून टाकली होती, त्यामुळं जन्मतारखेशी आपलं नातं पहिल्यापासूनच सैल आहे म्हणा. फरक एवढाच, की १ जून लावताना सहा वर्षांच्या पोराला काही कळत नव्हतं. ही अकरा वर्षांची मुलगी सगळं बघत असते. तिथं ती शिकते की यंत्रानं वय विचारलं तर खरं सांगायचं नसतं. पुढं ती त्याच खात्यावर काय करते हे आईला सांगत नाही, तेव्हा आईला धक्का बसतो.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्यांच्या घरांवर बोलणं सोपं आहे. मी मुलाला स्कूटरवरून क्लासला सोडते. हेल्मेट माझं आहे, पण केस बसतात म्हणून ते कोपरात अडकवलेलं असतं. एका संध्याकाळी कोल्हापूर नाका जवळ आला तसा मागून तो म्हणाला, “आई, मामा आहेत पुढं.” मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट चढवलं, मामांच्या समोरून साळसूदपणे गेले. वळण संपल्यावर तो म्हणाला, “काढ आता, गेले मामा.”

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तो मला मदत करत होता. मी रोज ज्या गोष्टीत मुरलेली होते त्यात तो आता हाताखाली काम करायला लागला होता. अगदी सहज, आईला पिशवी उचलू लागावी तसा. आणि हाच मुलगा सहा महिन्यांनी स्कूटरची किल्ली मागेल तेव्हा मी त्याला कायदा सांगणार होते.

कायदा तसा स्पष्ट आहे. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी चालवायचा परवाना मिळतो. आपल्या दारात उभ्या असतात त्या ११०-१२५ सीसीच्या, म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं असं सिद्ध करायची जबाबदारीही पालकावरच. कायद्यानं हिशोब बरोबर मांडलाय. पण पालकसभेच्या दिवशी आमच्या शाळेबाहेर उभ्या असलेल्या स्कूटर कुणी चालवत आणल्या असं विचारलं, तर निम्मे पालक हसून मुलाकडं बघतात. त्या हसण्यात थोडा अभिमानही असतो.

मग पुण्यातलं प्रकरण होतं आणि आपण हादरतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळानं जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांत तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि महाराष्ट्रभर त्याच निबंधावर संताप उसळला. निबंध तपासणारी बाई म्हणून मीही त्यावर बरंच बोलले. पण नंतरचे आरोप पाहिले तेव्हा वाटलं, तो निबंध सगळ्यांत किरकोळ होता. रक्ताचे नमुने बदलले, मुलाच्या जागी आईचं रक्त दिलं, ड्रायव्हरनं गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणला, असे आरोप पोलिसांनी ठेवले. आई, वडील, आजोबा, तिघांनाही अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण एखाद्या घरानं संकटाच्या रात्री काय केलं, हे त्या घरातल्या सतरा वर्षांच्या माणसाला तपासयंत्रणेच्या आधी कळलेलं असतं. त्यानंतर त्यानं तीनशे शब्द लिहिले काय आणि तीन हजार लिहिले काय.

‘ते बडे लोक’ असं म्हणून आपण सुटतो. म्हणून मला जास्त राग आहे तो मध्यमवर्गाच्या, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या एका लबाडीचा, जिच्यावर कुणी मोर्चा काढत नाही. दहावी झाली की मुलाचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात लागतं आणि मूल जातं क्लासला. याला ‘टायअप’ म्हणतात. कॉलेजात हजेरी लागते, मूल तिथं नसतं. प्रात्यक्षिकाच्या वह्या पूर्ण होतात, परीक्षानळीला हात लागलेला नसतो. २०१८ मध्ये सरकारनं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगून पाहिलं, पण अशा गोष्टी यंत्र बसवून थांबत नाहीत, कारण कॉलेज, क्लास आणि पालक या तिघांनाही ती हजेरी खोटीच हवी असते. यात वाईट माणूस कुणीच नसतो. सगळे मुलाच्या भल्यासाठी झटत असतात. प्रवेशाच्या दिवशी बाप मुलाला शेजारी बसवून विचारतो, “म्हणजे रोज यायला लागणार नाही ना?” समोरचा क्लार्क म्हणतो, “काळजी करू नका.” सोळा वर्षांचं मूल दोघांकडं आळीपाळीनं बघतं. नीतीचा इतका नेमका पाठ आम्ही मूल्यशिक्षणाच्या तासाला दहा वर्षांत देऊ शकलेलो नाही.

अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांचीही तीच कथा. मार्चच्या आधी फोन येतात, “मॅडम, वीसपैकी वीस द्या, बाकीच्या शाळा देतात.” हा फोन स्पीकरवर असतो. मागं मुलाचा आवाज येतो, “एकोणीसपण चालतील.”

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. मोठ्यांना आणि मुलांना एकच नियम कसा? मी कमावतो, मी दमून येतो, मला अर्धा तास फोन बघायचा हक्क आहे. मान्य. आईबाप आणि मूल बरोबरीचे नाहीत, आणि घर म्हणजे ग्रामसभा नव्हे. वडिलांना रात्री अकराला बाहेर जाता येतं, मुलीला येत नाही, यात वयाचं कारण असू शकतं (आणि भावाला येतं पण तिला येत नाही, यात नसतं, हे तिला बरोबर कळतं). मुलांना हा फरक सांगितला तर समजतो. माझ्या वर्गातलं एकही मूल असं म्हणत नाही की बाबांनी माझ्यासारखं दहाला झोपावं. त्यांचं म्हणणं एवढंच असतं, की फरक असेल तर त्याचं कारण सांगा, आणि चुकलात तर चुकलो म्हणा. दुसरी गोष्ट आपल्याला जड जाते. मराठीत बाप मुलाला ‘माझं चुकलं’ सहसा म्हणत नाही. फार तर संध्याकाळी वडापाव घेऊन येतो. मुलांना तो वडापाव कळतो, खातातही. पण वाक्य ऐकायची त्यांची भूक राहतेच.

इथवर मी मुलांची वकिली केली. आता त्यांच्या विरोधातलंही सांगायला हवं, कारण त्यांच्या अपेक्षा दरवेळी न्यायाच्या नसतात. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलानं घरी सांगितलं की पालकसभा रद्द झाली. आई मंडईत भाजी विकायला बसते. ती सभेला आली की मोठ्यानं बोलते, सगळ्यांसमोर मला “बाय, पोरगं कसं हाय माजं?” विचारते, आणि मागच्या बाकावरची मुलं हसतात. त्याला मित्राच्या आईसारखी आई हवी होती, कुर्ता घालणारी, इंग्रजीत ‘थँक यू मॅम’ म्हणणारी. रोज पहाटे तीनला लिलावाला जाऊन त्याची फी भरणारी आई त्याच्या आदर्शाच्या चौकटीत बसत नव्हती. मी त्याच्यावर चिडले होते. नीट चिडले होते.

पण ही चौकट त्यानं आणली कुठून? थोडी रील्समधून, हे खरं. बाकीची आमच्याकडूनच. आपण दहा वर्षं मुलाला शेजारच्या मुलाशेजारी उभं करून मापतो. तो बघ, त्याला ब्याण्णव. ती बघ, किती फाडफाड बोलते. मग चौदाव्या वर्षी मूल तीच पट्टी उचलतं आणि आपल्याला शेजारच्या पालकांशेजारी उभं करतं. पट्टी आपलीच, फक्त हात बदललेला. आणि ही तुलना क्रूर असते, कारण ज्या आईबापांकडं दाखवायला पद नाही, भाषा नाही, वेळ नाही, ते त्यात पहिले हरतात. आमच्या भागात हंगामात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. त्यांची कितीतरी पोरं सहा-सहा महिने मागं गावाकडं आजीपाशी असतात. त्यांच्यापुढं आदर्श पालकाची व्याख्यात्यांची यादी ठेवून बघा. रोज वीस मिनिटं मुलाशी संवाद साधा म्हणे. कुठून? फडातून?

म्हणून ‘आदर्श पालक’ हा शब्दच मला सार्वजनिक बोलण्यातून काढून टाकावासा वाटतो. त्या शब्दानं सुस्थितीतल्या आईबापांना अभिनय करायला लावलं आणि गरीब आईबापांना शरमेनं मान खाली घालायला. शाळांनी करण्यासारखं असेल तर एवढंच, की पाय धुण्याचा कार्यक्रम बंद करावा आणि पालकसभा बदलावी. आज ती गुण वाचून दाखवण्याची सभा आहे. मूल बाहेर उभं, आत आम्ही आणि पालक मिळून त्याच्यावर बोलतो. मूल आत बसलं पाहिजे, आणि त्यालाही दोन गोष्टी विचारता आल्या पाहिजेत. शिस्त बिघडेल असं स्टाफरूममध्ये पुष्कळांना वाटतं. बिघडेलही पहिले दोन महिने.

आणि निबंधाचा विषय बदलावा. मी यंदा ‘घरातल्या एका मोठ्या माणसाची मला माहीत असलेली चूक’ असा विषय देऊन पाहिला. मुख्याध्यापकांकडं तीन तक्रारी आल्या. गाइडात उत्तर नसल्यामुळं निबंध मात्र वाचण्याजोगे होते.

त्या मुलीचं राहिलं. पेपर वाटले त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आली. मला वाटलं, आईला दाखवू नका म्हणेल. ती म्हणाली, “मॅडम, पालकसभेला पेपर दाखवता ना? मराठीचा नक्की दाखवा.” सभेला आई आली, मी मुलीलाही आत बोलावलं आणि पेपर पुढं ठेवला. आईनं उभ्यानंच वाचला. ‘होती’खालच्या लाल रेघेवर तिचं बोट बराच वेळ होतं. मग पेपर घडी करून पर्समध्ये घातला. तो शाळेत परत द्यायचा असतो, पण मी काही बोलले नाही.

“गणितात कितीय ही यंदा?” तिनं मला विचारलं.

“चौसष्ट.”

ती मुलीकडं वळली. “ऑक्टोबरला मला बरोबर त्रेपन्न पडले होते, दीडशेपैकी,” ती म्हणाली. “आबांनी गल्लीत पेढे वाटले होते.”

“त्रेपन्नला पेढे?” मुलगी म्हणाली.